लिमस हा शब्द आहे की नाही

इस्पितळाच्या मागच्या अंगाला एक लांबट, ठेंगणी इमारत आहे. अख्ख्या इस्पितळाच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आणि डॉक्टरांचे डगले तिथे धुतले जातात. तिथल्या इस्त्रीच्या मोठ्या रोलरपाशी उभ्या राहणाऱ्या बाईला सगळे सुरकुती म्हणायचे. हे नाव पडलं तेव्हा ती तरुण होती आणि तिच्या तोंडावर सुरकुतीचं नावनिशाण नव्हतं. पण चादरीवर नखाएवढी जरी सुरकुती राहिली तरी तिच्या जिवाला चैन पडायचं नाही. चादर परत ओढायची, पाण्याचा फवारा मारायची आणि पुन्हा रोलरखाली सरकवायची. आता केस पिकले, चेहराही नावाला जागू लागला, पण सवय काही गेली नव्हती.

ती या शहरात आली ती नवऱ्यामागून. नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा. इथली भाषा तिला ओ की ठो येत नव्हती. शाळेत जाऊन ती इथली भाषा शिकलीच नाही. वाफेत उभी राहून शिकली. पहिला शब्द आला तो 'गरम', कारण हात भाजला होता. दुसरा आला 'पुन्हा'. तिसऱ्याची तर गंमतच झाली. देखरेख करणारी बाई दिवसभर ओरडायची, "घडी, घडी!" हिला वाटलं, त्याचा अर्थ 'लवकर'. कितीतरी दिवस ती घरी न्हाणीघराच्या दारावर थाप मारून नवऱ्याला इथल्या भाषेत "घडी घाला, घडी घाला" म्हणून हाकारत होती आणि तोही बिचारा काही न बोलता लवकर बाहेर येत होता. त्यालाही तोच अर्थ वाटत होता.

पुढे मुलगी झाली, शाळेत गेली आणि बाहेरची भाषा दारातून आत आली. आता घरात बोलणं व्हायचं ते अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. भाजी चिरणं, पांघरूण घेणं, रुसणं हे घरच्या भाषेत. विजेचं बिल, दातदुखी आणि शेजाऱ्यांशी भांडण बाहेरच्या भाषेत. तरी कुणी विचारलं असतं तर सुरकुतीने छातीठोकपणे सांगितलं असतं, की माझी भाषा म्हणजे घरची भाषा. आईच्या दुधाबरोबर आलेली. त्यात काय विचारायचं?

एकदा धुलाईघराच्या दारापाशी एक कागद चिकटवला गेला. दोन भाषा बोलणारी माणसं हवी आहेत, तासाभराचं काम, त्रास काही नाही. इस्पितळाला लागूनच विद्यापीठ होतं, तिथलं काहीतरी होतं. गठ्ठे बांधणारी बाई सुरकुतीची जिवाभावाची मैत्रीण. ती म्हणाली, "जा की. दिवसभर उभीच असतेस. निदान खुर्चीवर तरी बसवतील."

खुर्ची खरोखरच छान होती. खोलीत पडदे ओढलेले, एक संगणक आणि दोन बटणं असलेली एक पेटी. तिथली संशोधक मुलगी चष्मेवाली, हसतमुख. ती इथलीच, पण सुरकुतीची भाषा पुस्तकांतून शिकलेली. तिने हात जोडले आणि म्हणाली, "कृपया आसनस्थ व्हावे. आपणांस कोणतीही पीडा होणार नाही."

सुरकुतीला क्षणभर वाटलं, आपल्याला कोर्टात बोलावलंय.

काम सोपं होतं. पडद्यावर अक्षरं यायची. तो खरा शब्द असेल तर उजवं बटण दाबायचं, नुसतीच जुळवलेली अक्षरं असतील तर डावं. विचार करत बसायचं नाही, वाटेल ते पटकन दाबायचं. आधी बाहेरची भाषा झाली. ती बरी गेली. रस्त्यावरच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, मुलीच्या शाळेची पत्रं, सगळं त्याच भाषेतलं वाचून डोळे सरावले होते. मग घरची भाषा आली आणि घोडं अडलं. ही भाषा कानाची आणि तोंडाची होती. छापलेली पाहून किती वर्षं झाली होती. 'उंबरठा' आलं, तिला ते दोनदा वाचावं लागलं. 'भोनक' आलं. असतं का भोनक? नसावं. 'टुरसा'. छे. 'काजळी'. हो. बोटं गोंधळायला लागली, कपाळावर घाम आला. आणि मग 'लिमस' आलं. तिथे तिला कसलाच विचार करावा लागला नाही. बोट आपोआप उजवीकडे गेलं, आणि या सगळ्या परक्या गर्दीत आपलं माणूस भेटावं तसं तिला बरं वाटलं.

संपल्यावर मुलीने पाणी दिलं. ती म्हणाली, "आपण उत्तम केलंत. आपल्या भाषेत आपल्याला थोडा अधिक वेळ लागला, पण तसं पुष्कळांचं होतं. खोटे शब्दही जवळजवळ सगळे ओळखलेत. एकच सुटला."

"कुठला?"

मुलीने पडद्यावर पाहिलं. "लिमस."

सुरकुती हसली. "अगं, तो खरा शब्द आहे."

आता गोंधळायची पाळी मुलीची होती. ती पुस्तकी बोलणं विसरली. "खरा? म्हणजे काय त्याचा अर्थ?"

"कपडा दोरीवर टाकलेला असतो ना, जवळजवळ वाळलेला. हाताला कोरडा लागतो, पण गालाला लावला तर कळतं की अजून थोडं पाणी आहे. इस्त्री करायला अगदी तयार. तो लिमस."

"म्हणजे दमट?"

"दमट म्हणजे वास येतो तो. लिमस चांगला असतो."

"ओलसर?"

"ओलसरच्या पुढचा."

मुलीने जाडजूड कोश काढून बघितला. मग तिने जपून, हिला वाईट वाटणार नाही अशा बेताने सांगितलं, की हे खोटे शब्द यंत्राने अक्षरं जुळवून केलेत आणि ही भाषा लहानपणापासून बोलणाऱ्या बऱ्याच जणांना दाखवून घेतलेत. कुणीच लिमस ओळखला नव्हता. "पण असेलही," ती म्हणाली. "एखाद्या गावचा असेल. तुमच्या गावाकडे कुणाला विचाराल का? मलाच हवं आहे ते."

"विचारायचं काय त्यात," असं म्हणत सुरकुती उठली खरी, पण जिना उतरताना एका पायरीवर थांबून तिने तो शब्द पुन्हा मनात म्हणून पाहिला.

घरी नवरा स्वयंपाकघरातल्या सिंकखाली डोकं घालून पडला होता. दुसऱ्यांचे नळ दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा नळ कायम गळका. तिने वरूनच विचारलं, "अहो, लिमस म्हणजे काय हो?"

"कपडा वाळत आलेला," सिंकखालून उत्तर आलं.

तिचा जीव भांड्यात पडला. "बघा. आणि ती म्हणे असा शब्दच नाही."

नवऱ्याने डोकं बाहेर काढलं. "आमच्याकडे नाही म्हणत तसं. तुझ्याकडूनच ऐकला मी. मला वाटलं, तुमच्या गावचा असेल."

संध्याकाळी लेक ऑफिसातून घरी आली. तिला विचारलं तर तिने भुवया उंचावल्या. "लिमस तर इथल्या भाषेतला शब्द आहे ना?"

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मला आपलं तसं वाटायचं. मी ऑफिसात म्हणते की. माझा टॉवेल अजून लिमस आहे वगैरे." ती थांबली. "एकदा कुणीतरी विचारलं होतं, हा तुमच्या भाषेतला शब्द का म्हणून. मी म्हटलं, नाही हो, तुमच्याच."

नवऱ्याला हसू आवरेना. सुरकुतीला मात्र हसू येईना.

मग तिने ताईला फोन लावला. ताई थोरली, गावाकडेच राहिलेली. ताई म्हणाली, "लिमस? आई म्हणायचीच की. ओरडायची ना आपल्याला, कपडे लिमस आहेत, काढू नका म्हणून."

"आई म्हणायची ते मला माहीत आहे गं. गावात कोण म्हणतं?"

"म्हणत असतील सगळेच."

"विचारून बघ."

ताईने शेजारी विचारलं, किराणावाल्याला विचारलं, शाळेतल्या मास्तरांना गाठलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मास्तर तर म्हणाले, तुमच्या घरातच कुणीतरी गमतीने काढलेला शब्द असेल, असं होतं कधीकधी. ताईला ते पटलं आणि तिने विषय मिटवला. सुरकुतीचा विषय मात्र मिटेना. तिची आई आणि गंमत? आई अबोल होती. चार शब्दांचं काम दोन शब्दांत करणारी. 'अगं ते', 'अगं हे' असं म्हणून बोटाने दाखवणारी. गमतीने शब्द काढायला तोंडात शब्द खेळायला हवेत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. एक वीट हलली की सगळी भिंत हलते की काय असं वाटतं, तसं झालं. तोंडात कुठलाही शब्द आला की ती आधी त्याला उलटासुलटा करून बघायची. हा खरा ना? हा सगळ्यांचा, की आपल्याच घरचा? 'अभ्रा' म्हणताना थांबायची. 'चुणी' हा शब्द मनात इतक्या वेळा म्हटला की तो नुसता आवाज उरला, मांजर शिंकल्यासारखा. कामावर एकदा रोलरमध्ये चादर अडकली. समोरच्या बाईला 'बंद कर' म्हणून ओरडायचं होतं. तिला बाहेरच्या भाषेतला शब्द आठवेना, घरच्याही भाषेतला आठवेना. तोंड उघडं, आवाज नाही. शेवटी गठ्ठेवालीनेच धावत जाऊन बटण दाबलं. चादरीची एक कड करपली होती.

"काय झालं तुला?" गठ्ठेवालीने तिला बाकावर बसवलं. "बरं नाही का?"

"मला शब्द सापडत नाहीत."

"वय झालं. मला तर माझ्या जावयाचं नाव सापडत नाही."

"तसं नाही गं. सापडतो, पण तो माझा आहे की नाही ते कळत नाही."

गठ्ठेवालीच्या हे डोक्यावरून गेलं. तिने आपल्या डब्यातलं गोड काढून पुढे केलं. तेवढंच तिला करता येण्यासारखं होतं.

गावाकडे म्हातारं माणूस आता एकच उरलं होतं, आत्या. वडिलांची धाकटी बहीण, ऐकायला कमी, पण बोलायला खडखडीत. एका रविवारी ताई तिच्याकडे गेली आणि फोन तिच्या कानाला लावून बसली.

"आत्या, आई एक शब्द म्हणायची. लिमस."

"कोण?"

"लिमस. कपडे वाळत आले की म्हणायची."

आत्या म्हणाली, "तो होय. तो राहिला वाटतं तिच्याकडे."

"म्हणजे?"

"अगं, तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा तिला आपलं बोलणं कुठे येत होतं? ती नदीपलीकडची, बंदराकडची. त्यांचं बोलणं वेगळंच. मीच शिकवलं तिला. मी पोरगी होते, मला मजा वाटायची. कपडे वाळत घालताना एकेक वस्तू दाखवायची आणि म्हणायला लावायची. हुशार होती. पण तुझ्या आजीचा हुकूम होता, या घरात दुसरं बोलणं चालणार नाही, पोरांच्या कानावर पडता कामा नये. मग तिने सोडून दिलं."

सुरकुती भिंतीला टेकून खाली बसली. "आणि लिमस?"

"त्याला आपल्यात काय म्हणतात, असं तिने विचारलं. मला सांगता येईना. आपल्यात कपडा एकतर ओला, नाहीतर वाळलेला. मग म्हटलं, हा राहू दे तुझा."

"कुठली भाषा होती ती, आत्या?"

"नाव काय ते आठवत नाही बाई. ती 'आमचं' म्हणायची आणि आम्ही 'तुझं' म्हणायचो."

ताईने फोन काढून घेतला. तिचा आवाज चढला होता. "हे बघ, आत्याचं आता वय झालंय. काहीही सांगते. आई आपलीच होती. आपल्यासारखंच बोलायची."

"ताई, आपल्याला आजोळ का नव्हतं?"

"तिकडे कुणी उरलं नव्हतं म्हणून."

"कोण म्हणालं?"

ताईने फोन ठेवून दिला.

सुरकुतीला आता नवीनच घोर लागला. आई अबोल होती की तिला शब्द शोधावे लागत होते? प्रश्न विचारला की आई आधी जरा थांबायची, मग उत्तर द्यायची. बापाला त्याचा राग यायचा, तो तिला मंद म्हणायचा. कपडे पिळताना आई काहीतरी पुटपुटायची. लहानपणी वाटायचं, ती हिशेब करतेय. काय पुटपुटत होती ती? सुरकुती डोळे मिटून तो आवाज आठवायचा प्रयत्न करायची. कधी वाटायचं, आला. पण आलेला शब्द आईचा की आपणच आत्ता रचलेला, हे कसं ओळखायचं? 'भोनक' आणि 'टुरसा'सुद्धा आता आईच्या आवाजात ऐकू यायला लागले. धरावं तर चावतंय, सोडावं तर पळतंय, अशी गत झाली.

एकदा तिने आपणहून विद्यापीठातली ती खोली गाठली. चष्मेवालीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. यंत्राने नेमकी तीच अक्षरं जुळवली हा निव्वळ योगायोग आहे, असं तिने सांगितलं. बंदराकडे पूर्वी बऱ्याच बोली होत्या, त्यांतल्या काही आता कुणी बोलत नाही. ती शोधून बघेल, पण शब्द एकच असल्यामुळे हाती काही लागेल याची खात्री नाही.

"मला एवढंच सांग," सुरकुती म्हणाली. "माझी पहिली भाषा कुठली मग?"

"तुम्ही लहानपणी बोललात ती. घरची."

"पण ती तर माझ्या आईची दुसरी होती. म्हणजे मी जे आईकडून शिकले ते ती स्वतः अजून शिकत होती."

मुलीने चष्मा काढून पुसला. "हो," ती म्हणाली. "तसंच दिसतंय." मग तिने सुरकुतीला फाटकापर्यंत पोचवलं.

घरी नवरा म्हणाला, "एका शब्दासाठी डोक्याचा भुगा करून घेतलास. जाऊन ये गावाला. आत्याला डोळ्यांनी बघ. फोनवर काही खरं नसतं." नळवाला असला तरी कधीकधी नेमकं गळतं कुठे हे त्याला माणसांतही कळायचं. तिने रजा काढली.

ताई स्थानकावर आली होती. दोघी वाटेत हवापाण्याचं बोलल्या. फोनचा विषय कुणी काढला नाही. आत्याच्या घरी पोचेपर्यंत दुपार कलली होती. आत्या खाटेवर उशीला टेकून बसली होती, वाळकी, पण डोळे लखलखीत. ताईची सून तिचं सगळं करायची. तिने दारातच सांगितलं, "गेल्या महिन्यात ताप आला तेव्हापासून माणसं ओळखत नाहीत नीट. मलाही कधी ओळखतात, कधी नाही."

ताईने बहिणीकडे पाहिलं. बघ, मी म्हणत नव्हते, असं त्या बघण्यात होतं.

सुरकुती खाटेच्या कडेला बसली. "आत्या, मी आले."

आत्याने तिचा चेहरा निरखला. पिकलेले केस, हनुवटी, कपाळ. मग तिच्या तोंडावर हसू पसरलं, पण ते भाचीसाठी असतं तसं नव्हतं. नव्या आलेल्या, बुजलेल्या मुलीकडे बघून हसावं तसं होतं. तिने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला आणि बोट वर केलं.

"ही," आत्या एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "ही खिडकी. म्हण. खिडकी."

सुरकुतीला काय करावं कळेना. ती आत्या नव्हतीच. ती कपड्यांच्या दोरीखाली उभी असलेली एक पोर होती. आणि आपण कोण आहोत, हे सुरकुतीला आता नीटसं सांगता आलं नसतं.

"खिडकी," ती म्हणाली.

"ड वर जोर नको. खिडकी."

"खिडकी."

"आता बरोबर." आत्या खूश झाली. "ही उशी."

"उशी."

दारात उभी असलेली ताई हळूच पुढे आली. असलं काही म्हातारं माणूस कुणाला दाखवण्यासाठी रचून करत नाही, हे तिलाही दिसत होतं. ती बहिणीला लागून खाटेवर टेकली. लहानपणी बसायच्या तशा दोघी बसल्या.

आत्याने उशीवर थाप मारली. "आणि तुमच्यात काय म्हणतात हिला?"

सुरकुतीने तोंड उघडलं. आत काहीतरी हललं असं तिला वाटलं, पण ते वर आलं नाही. तिने ताईकडे पाहिलं. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने नकारार्थी मान हलवली. तिलाही येत नव्हतं.

आत्या वाट बघत राहिली. तिला घाई नव्हती. मग तिने सुरकुतीच्या हातावर आपला हात ठेवला आणि म्हणाली, "राहू दे. आठवेल हळूहळू. ही खाट. म्हण, खाट."

"खाट," दोघी बहिणी म्हणाल्या.